समुद्र न दाखवण्याचा दिवस

माझे साडू विनेशराव यांचा लोणावळ्याला बंगला आहे. हे वाक्य मी लिहितोय म्हणून इथे संपलं. त्यांच्या तोंडून निघालं की पानावरचा भात गार होतो. बंगल्याला गच्ची आहे, गच्चीवर झोपाळा आहे, झोपाळ्याला पितळी कड्या आहेत, आणि आमच्या सासुरवाडीचा दरवर्षीचा मेळावा त्या कड्यांच्या करकरीतच भरवायचा, अशी प्रथा त्यांनी पाडलेली आहे. प्रथा पाडायला त्यांना फार वेळ लागत नाही. एकदा केलं की प्रथा, दोनदा केलं की परंपरा.

यंदा मात्र साक्षीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मनात होतं की मेळावा आपल्याकडे व्हावा. आपल्याकडे म्हणजे माडशेतला. दिवेआगरच्या अंगाला, माडांच्या सावलीत पदर पसरून बसलेलं गाव. तिथे आमची नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. दोन हजार वीसच्या वादळाने ही वाडी एका दुपारी आडवी केली. तिच्या बहिणींनी फोनवर हळहळ व्यक्त केली आणि त्यानंतर साक्षी मला बरीच वर्षं वाकलेलीच दिसली: रोप, आळं, शेणखत, पाणी, पुन्हा रोप. यंदा त्या पोफळींना पहिली पोय फुटली. पोय म्हणजे पोफळीचा फुलोरा. हिरव्या म्यानात तो मिटून असतो, मग एके सकाळी म्यान उकलतं आणि आतून नवरीच्या मुंडावळ्यांसारख्या पिवळसर सरी खाली सुटतात. साक्षीला त्या बहिणींना दाखवायच्या होत्या. "फोटो पाठव की," असं मी एकदा म्हणालो होतो. त्या दिवशी मला संध्याकाळचा चहा मिळाला नाही.

"यायला आमची हरकत नाही हो, सुजितराव," विनेशराव व्हिडिओ कॉलवर म्हणाले. मागे झोपाळा दिसेल अशी फोनची जागा त्यांनी कायमची ठरवलेली आहे. "पण तुमच्याकडे समुद्र सोडला तर आहे काय? सकाळी बघितला तोच संध्याकाळी. मधल्या वेळात माणसाने वाळू चाळायची का?"

यावर हसून 'खरंय तुमचं' म्हणायचं, हा साडूपणाचा नियम. पण आपल्या गावाला कोणी वजनकाट्यावर ठेवलं की माझी जीभ माझी राहत नाही. मी म्हणालो, "समुद्राचं तोंडही न दाखवता तुम्हाला दिवसभर गाव फिरवतो. संध्याकाळपर्यंत 'समुद्रावर चला' असं तुमच्या तोंडून निघालं, तर मेळावा लोणावळ्याला, कायमचा. नाही निघालं, तर इथे."

"मान्य," ते म्हणाले. झोपाळा करकरला.

मागे साक्षी नारळ खवत होती. खवणीचा आवाज थांबला.

"पैज तुम्ही लावलीत," ती म्हणाली, "आणि डावावर माझा मेळावा?"

"माझा गावावर विश्वास आहे."

"गावावर माझाही आहे," असं म्हणून ती पुन्हा खवायला लागली, जरा जास्तच जोरात. विश्वास नेमका कोणावर नाही, हे मी विचारलं नाही.

माझा बेत साधा होता. आमच्या वाडीतून पाटाच्या पाण्याकडेने देवीच्या देवळात जायचं, तिथून तळ्यावर, वाटेत दोनचार वाड्या बघायच्या, आणि जेवायला घरी. अडचण एकच होती. माडशेतच्या रचनेत एक मोठा दोष आहे, जो मला जन्मापासून गुण वाटत आला होता. गावातली प्रत्येक गल्ली समुद्राकडे उतरते. तुम्ही शेळी शोधायला निघा, नाहीतर शेजारी विरजण मागायला. मान वळवलीत की गल्लीच्या टोकाला तो निळाशार उभा. जन्मभर मी त्याचं कौतुक केलं. आता तोच घरात लपवून ठेवलेल्या चुगलखोर पाहुण्यासारखा वाटायला लागला.

त्यातच भागोजीकाका आले. भागोजीकाका हे आमच्या देवीच्या पालखीचे पहिले मानकरी. ते पायरीवर बसले, पान लावलं आणि म्हणाले, "फेरी काढतोस म्हनं. पयला मान कुनाचा?"

"मान कसला, काका? पाहुण्यांना फिरवून आणतोय."

"लोकांच्या अंगनातनं मानसं न्हेनार आन मान न्हाय? मंग ते पावनं म्हनायचं का चोर?"

म्हणजे फेरीही पालखीच्या वाटेनेच निघणार. शिमग्यात आमची पालखी घरोघर जाते, ती नकाशा बघून जात नाही, मानाने जाते. पहिला मान भागोजींचा, त्यांचं घर गावाच्या दक्षिण टोकाला. दुसरं घर उत्तर टोकाला. तिसरं पुन्हा भागोजींच्या भिंतीला भिंत लावून. देवीचे पाय दुखत नाहीत, त्यामुळे आजवर कोणी तक्रार केलेली नव्हती. चहापासून जेवणापर्यंत उरकावी अशी माझी वाट आता विणकामाच्या सुईसारखी गावातून खालीवर जाणार होती. शिवाय ज्या घरी जायचं त्या घरी काहीतरी तोंडात घालायचं, आणि निघताना नारळ घ्यायचा. याला नाही म्हणणं म्हणजे त्या घराशी पुढची दोन लग्नं बोलणं बंद.

"आन तुजा साडू कुन्या नात्यानं बसवायचा?" भागोजींनी पुढचा पेच काढला. माझी आई असती तर तिने चटकन सोडवला असता. साक्षी गावची सून. सुनेच्या थोरल्या बहिणीचा नवरा गावाला कोण? भागोजींनी पानाची पिंक टाकून विचार केला. "साक्षी आता सून न्हाय ऱ्हायली. वादळामागं समदी मुंबैला पळाली, ही हितं खड्डं खनीत बसली. ती लेक झाली. लेकीच्या भनीचा नवरा म्हंजे जावई. थोरला जावई."

"साक्षी लेक झाली तर मीही जावईच झालो की, काका."

"तू नारळ उचलाय ये," भागोजी म्हणाले.

करमअलींचं घर शेवटच्या गल्लीच्या तोंडावर. पालखीच्या दिवट्यांचं तेल पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरून येतं, म्हणून पालखी शेवटी त्यांच्या अंगणात टेकते. कुवेतला बरीच वर्षं काढून आलेला हा शहाणा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुजितभाय, दर्या झाकणार कसा, ते सांगा. नि झाकलात तरी आवाजाचं काय?"

आवाजाचा मी विचारच केला नव्हता.

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं पाहुण्यांना गॉगल घाला, कोणी म्हणालं ओहोटीची तिथी बघा, समुद्र लांब जाईल. शेवटी ठरलं ते असं: लहान गल्ल्यांच्या टोकाला जाळी आणि साड्या वाळत टाकायच्या. करमअलींची गल्ली रुंद, तिथे पेंढ्याची ने-आण करणाऱ्या चंदरने आपला टेम्पो पेंढ्याने शिगोशीग भरून आडवा लावायचा. आणि आवाजावर उतारा म्हणून पुढे खालूबाजा. ढोल, ताशा, सनई वाजत असली तर समुद्राची काय बिशाद.

बाजा आला, म्हणून मला ग्रामपंचायतीत जावं लागलं. ग्रामसेवक भला माणूस, पण नियमात बसेल तेवढाच भला.

"वाजंत्री आहे म्हणजे मिरवणूक. मिरवणुकीचं कारण?"

"साडू येणार आहेत."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "धार्मिक, सामाजिक की राजकीय?"

मी बराच वेळ विचार केला. साडू तिन्हीत बसत होते. 'सामाजिक' म्हणून सुटलो. गल्ली अडवण्याचं काय, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की समुद्र झाकायचा आहे. ते खुर्चीत मागे रेलले. "समुद्र आमच्या हद्दीत येत नाही. तो बंदर खात्याकडे. तुम्ही पेंढा तेवढा आमच्या परवानगीने लावा, झाकला जाणं न जाणं त्यांच्याकडे."

ठरलेल्या दिवशी विनेशराव आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे साक्षीच्या थोरल्या बहीण प्रणालीताई, आले ते आगरदांड्याहून गाडीसकट फेरीबोटीत बसून, दिघीला उतरून. म्हणजे पाणी बघूनच आले. पण ती खाडी, दर्या नव्हे, असा निकाल करमअलींनी दिला आणि पाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द गावात शेवटचा. विनेशरावांनी पांढरे बूट घातले होते. "दाखवा तुमचं गाव," ते म्हणाले. त्या 'तुमचं'वर त्यांनी जो जोर दिला, तो मला दुपारपर्यंत दुखत होता.

साक्षीने आधी बहिणीला वाडीत न्यायचं म्हटलं. भागोजींनी मान हलवली. मान सोडून वाट नाही. आमच्या घराला जुन्या पालखीत मान नव्हताच. आमचे पणजोबा गावात उशिरा आले, म्हणून पालखी आमच्याकडे परतीच्या वाटेवर नुसती थांबते. साक्षीने ओढणी सारखी केली आणि ती चालायला लागली. एवढी वर्षं थांबली होती, आणखी एक दिवस थांबेल, असं तिच्या चालीत होतं.

खालूबाजा सुरू झाला आणि आमची वरात निघाली. भागोजींच्या घरी त्यांच्या बायकोने, बायजाकाकूने, विनेशरावांना पाटावर बसवलं, गंध लावलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि डोक्यावर पांढरी टोपी चढवली.

"हे कशाला?" विनेशराव मला कुजबुजले.

"तुम्ही थोरले जावई आहात."

"लोणावळ्यात मला कोणी टोपी घातली नाही," ते म्हणाले. तक्रार होती की काय, ते त्या वेळी कळलं नाही.

गुळाचा खडा, पाणी, तांदळाची बोरं, नारळ. तिथून गावाच्या दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या घरी पुन्हा पाट, पुन्हा गंध, घावन-चटणी, दुसरी टोपी. पहिली काढली तर भागोजींचा अपमान, दुसरी घातली नाही तर यांचा. दोन्ही एकावर एक बसल्या. नारळ माझ्याकडे. तिसऱ्या घरी कोकम सरबत, तिसरी टोपी, नारळ माझ्याकडे. एका खांद्यावरची पिशवी दोन्ही खांद्यांवर झाली, पिशवीचं पोतं झालं, आणि ज्या फेरीचा मी जनक, तिच्या शेपटाला मी हमालासारखा चालत होतो. एका घरातल्या म्हातारीने मला विचारलंसुद्धा, "पाव्हन्यांचं सामान का रं बाबा? पानी पी." ती मला लहानपणापासून ओळखते.

विनेशराव मात्र बदलत चालले होते. पहिल्या घरी ते पाटाच्या कडेला बसले होते; चौथ्या घरी मांडी ठोकून बसले. पाचव्या घरी पाट जरा तिरका होता, तो त्यांनी स्वतः सरळ करून घेतला. वाटेत ते भागोजींना विचारू लागले, पुढचं घर कोणाचं, त्यांचा मान कितवा, आणि मागच्या घरी तांबे घासलेले नव्हते हे बरोबर नाही. पांढरे बूट केव्हाच कोणाच्या तरी पायरीवर राहिले होते.

दुपारी बाजेवाले जेवायला बसले. तळ्याकाठी गार सावली, गाव एकदम शांत. आणि त्या शांततेत तो आला. घुऽऽ करून पुढे, मग मागे. घुऽऽ करून पुढे.

विनेशरावांनी कान टवकारले. "हा आवाज कसला?"

माझ्या हातातला घास तिथेच राहिला. साक्षीने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती पाण्याकडे बघत होती.

"गिरण हाय," भागोजी ढेकर देत म्हणाले. "भाताची."

"मग थांबत थांबत का चालते?"

"लाइट येत जात ऱ्हाती."

"लोणावळ्याला लाइट जात नाही," विनेशराव म्हणाले, पण सवयीने म्हणाले, त्यात जीव नव्हता. तेवढ्यात ढोलावर टिपरी पडली आणि मी घास गिळला.

उन्हं कलताना आम्ही शेवटच्या मानाला, करमअलींच्या अंगणात पोहोचलो. गल्लीच्या टोकाला चंदरचा टेम्पो, त्यावर पेंढ्याचा सोनेरी डोंगर, आणि डोंगरामागे काहीच नाही, असं दिसत होतं. करमअलींच्या बायकोने, हुस्नबानूभाभींनी, ओट्यावर चादर अंथरली होती. त्यांनी वाफेवरची सांदणं आणि नारळाचं दूध पुढे ठेवलं. करमअलींनी विनेशरावांच्या टोप्यांच्या मनोऱ्यावर जाळीची एक टोपी अशी अलगद ठेवली, की सगळे बघत राहिले. "आमच्या घरचा मान," ते म्हणाले. विनेशरावांनी मान ताठ धरली होती. ती आता वळवणं शक्यच नव्हतं.

मला वाटलं, जिंकलो.

त्याच क्षणी टेम्पो सुरू झाला.

चंदर खिडकीतून डोकं काढून ओरडला नाही, तो ओरडणारा माणूस नाही. तो फक्त मोठ्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं स्वतःशी बोलला, "सक्काळपास्नं हितं उन्हात उबा हाय. समद्यांच्या घरी जावई. माज्या घरी न्हाय. का, तर आमी खालच्या आळीतनं वर आलो, आमाला मान न्हाय. मंग माजा टेम्पो तरी का उबा ऱ्हावा?" आणि त्याने गियर टाकला. पेंढ्याचा डोंगर डुलत डुलत बाजूला सरकला.

समुद्र उघडा पडला.

असा तो मी आयुष्यात पाहिला नव्हता. सूर्य टेकायला आलेला, पाण्यावर कोणीतरी कुंकवाचा करंडा उपडा केलेला, लाटा सोन्याची झालर सावरत वाळूवर येतायत. दिवसभर कोंडून ठेवलेलं पोर सोडल्यावर जसं नटून समोर उभं राहतं, तसा तो उभा होता. बाजेवाल्यांच्या हातातल्या टिपऱ्या खाली आल्या. साक्षीचा हात भाभींच्या ताटाकडे गेला होता, तो तिथेच थांबला. मी नारळाच्या पोत्यावर बसलो.

विनेशराव उठले. समुद्राकडे तोंड करून, सगळ्या टोप्यांसकट, उभे राहिले.

"चला," ते म्हणाले.

साक्षीने डोळे मिटले.

"चला, त्याच्या घरी चला. तो पेंढेवाला. नाव काय त्याचं?"

"चंदर," भागोजी म्हणाले. "पर त्येला मान न्हाय, जावईबापू."

"नाही कसा? दिवसभर तो उन्हात उभा. सगळ्या घरी जायचं आणि एका घरी नाही, ही काय पद्धत झाली?" विनेशरावांचा आवाज चढला. "थोरला जावई मी आहे का तुम्ही आहात?"

भागोजींनी करमअलींकडे पाहिलं. करमअलींनी दाढी कुरवाळली. "पालखी हट्टाला पेटत नाही, भागोजी," ते म्हणाले, "जावई पेटतो."

आणि विनेशरावांनी त्या सगळ्या कुंकवाकडे, सोन्याकडे, झालरीकडे पाठ केली आणि ते चंदरच्या घराकडे चालायला लागले. मागून खालूबाजा. बाजाच्या मागे मी. समुद्र मागे एकटाच उभा होता. मला त्याची जरा दयाच आली.

चंदरच्या बायकोने घाईघाईने चहा टाकला, तोही बिनदुधाचा. टोपी तिच्याकडे नव्हती. तिने खुंटीवरचा चंदरचाच टॉवेल झटकून विनेशरावांच्या खांद्यावर घातला. चंदर दारात उभा राहून डोळे पुसत होता आणि धुराला नावं ठेवत होता.

मग परतीची वाट. आमचं बेडं, म्हणजे वाडीचं बांबूचं फाटक, मी उघडलं. आत उजेड अजून होता, पोफळींच्या मधून तिरपा येणारा. पाटाचं पाणी चालू होतं. बाजा आपोआप थांबला. बायजाकाकू सगळ्यांच्या पुढे गेली, एका पोफळीच्या खोडाला हात लावला आणि जात्यावर बसल्यासारखं हळू म्हणाली:

पडल्या पोफळीची माती हातानं सारिली,
वादळाच्या वाटंवर पुन्हा सावली पेरिली.

भागोजींनी माझ्या पोत्यातला एक नारळ उचलला, पाटाच्या दगडावर फोडला आणि पाणी त्या खोडाशी ओतलं. "पुढल्या बारीला फेरी हितनं सुटंल," ते म्हणाले. "पयला मान ह्या वाडीचा." आपलाच मान आपल्याच हाताने खाली ठेवायला काय लागतं, हे मानकऱ्यालाच ठाऊक. त्यांनी पान लावायला घेतलं, पण चुना सापडेना.

विनेशराव पाटावर बसले होते, पाण्याच्या पाटावर, पाय सोडून. "मेळाव्याला आपली चाळीसएक माणसं होतील," ते विचारात पडून म्हणाले. "एवढ्या टोप्या श्रीवर्धनला मिळतील का हो, सुजितराव? आणि मी थोरला, हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा. ऐन वेळी घोळ नको."

"पेंढा माजा," चंदर मागून म्हणाला.

"पेंढा कशाला आता?"

"मानाचा," चंदर म्हणाला.

मला वाटलं, आता तरी माझ्याकडे कोणी बघेल. कल्पना माझी, पैज माझी, खांदे माझे. कोणी बघितलं नाही. सगळे वर बघत होते. मीही बघितलं. हिरव्या म्यानांतून सुटलेल्या पिवळसर सरी वाऱ्यावर हलत होत्या, इकडून तिकडे, नजर जाईल तिथपर्यंत.

प्रणालीताई ओलवणातून, पाटाच्या ओल्या मातीतून, अनवाणी आत शिरल्या. बराच वेळ त्या एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत चालत राहिल्या. मग बहिणीकडे वळल्या.

"यातल्या तू लावलेल्या कुठल्या गं?"

साक्षीने एकदा या कडेपासून त्या कडेपर्यंत वाडी पाहून घेतली.

"सगळ्या," ती म्हणाली.